लाल गाय, पांढरी गाय

विशेषणे शिकविण्यात कसले आले आहे कसब, असे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी वाटत असे. ‘नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द’ अशी व्याख्या फळ्यावर लिहावी, मुलांनी ती घोकावी, आणि परीक्षेत जशीच्या तशी उतरवावी! मी मूळची पुण्याकडची. यजमानांच्या बदल्यांमुळे आधी नांदेडला व मग लातूरला शिकविण्याचा योग आला, आणि नुसत्या व्याख्येवर भागत नाही हे या दोन गावांनी मला शिकविले.

नांदेडला मी पिशवीचा खेळ काढला. पिशवीत एक वस्तू लपवायची; एकाने आत हात घालायचा आणि नाव न घेता विशेषणांनीच ती सांगायची. एकदा एक मुलगा म्हणाला, “लांबट, खडबडीत, थोडे ओले.” लगेच एक चिमुरडी ओरडली, “ओले म्हणाला! म्हणजे काकडी नाही, भेंडी नाही. कारले!” विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, हा धडा तिने माझ्याआधीच घेऊन टाकला.

लातूरला सहावीचा वर्ग होता. विकारी विशेषणे सांगताना मी फळ्यावर लिहिले : पांढरा बैल, पांढरी गाय, पांढरे वासरू. मागच्या बाकावरून आवाज आला, “कोणती पांढरी, बाई?” मुलगा देवणीकडचा. देवणीची गुरे याच जिल्ह्यातली, नावाजलेली. त्याने घडाघडा सांगितले : तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर वानेरा, अंगभर काळे ठिपके असतील तर शेवरा, आणि जवळजवळ पांढरे जनावर ते बालंक्या. पुण्याच्या माझ्या एका ‘पांढऱ्या’त त्याची तीन जनावरे मावत होती!

मग शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या लाल कंधारीला मी वर्गात आणले. लाल बैल, लाल गाय, लाल वासरू. ‘पांढरा’सारखी आकारान्त विशेषणे बहुधा बदलतात, ‘लाल’ बदलत नाही. “असे न बदलणारे आणखी शब्द सांगा,” मी म्हटले. गोड, कडू, हुशार, सुंदर अशी रांग लागली. शेवटी तोच मुलगा उभा राहिला.

“ढ. ढ मुलगा, ढ मुलगी, ढ पोरगं. बदलत नाही, बाई.”

वर्ग खो-खो हसला. मला मात्र हसू आले नाही. महिन्यापूर्वी त्याची वही तपासताना हा शब्द मीच त्याला चारचौघांत बहाल केला होता!

व्याकरणाच्या दृष्टीने उदाहरण अगदी बिनचूक होते. मी ते फळ्यावर लिहिले आणि म्हटले, “उदाहरण बरोबर आहे. पण हे विशेषण मी चुकीच्या नामाला लावले होते. चूक माझी.” वर्ग एकदम गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी नवा खेळ. प्रत्येकाला एका सोबत्याच्या नावाची चिठ्ठी. तिच्यावर तीन विशेषणे लिहायची. अट अशी की रंग, अंगलट, जात आणि मार्क यांवरून एकही नको, आणि प्रत्येकाला पुरावा हवा. त्या मुलाच्या चिठ्ठीवर आले : ‘माहितगार, कारण गुरांचं सगळं सांगतो. धीट, कारण बाईंना प्रश्न विचारतो. खरा.’ तिसऱ्याला पुरावा दिलेला नव्हता. मी मागितलाही नाही.

त्याचे शुद्धलेखन पुढेही यथातथाच राहिले. पण ती चिठ्ठी कंपासपेटीत वर्षभर जपलेली मी पाहिली.

या दिवाळीत फराळाला बसाल तेव्हा हा खेळ घरी जरूर खेळून पाहा. खुसखुशीत कोण, कुरकुरीत कोण, ताजा, ताजी, ताजे कोण, हे मुलांना नाव न घेता ओळखू द्या. फक्त फराळ संपला की विशेषणे मुलांकडे वळतात; तेवढे जरा जपून. शब्द बदलत नसला, तरी मूल बदलत असते.