संत्र्याच्या सालीतील रेणूची ओळख

गुरुकुंज मोझरीहून उत्तरेला मोर्शी-वरुडकडे गेले की संत्र्याच्या बागांचा पट्टा लागतो. फळ आंबिया बहाराचे असो वा मृगाचे, त्याची साल बोटांत दाबताच सुगंधी तेलाचे बारीक तुषार उडतात आणि त्या तेलात सर्वांत मोठा वाटा लिमोनिन या सेंद्रिय पदार्थाचा असतो. लिमोनिनच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे 10 व हायड्रोजनचे 16 अणू असतात, पण तेवढ्याच अणूंची जुळणी अनेक प्रकारे होऊ शकत असल्याने केवळ या संख्येवरून रेणूची रचना कळत नाही. ती शोधण्याचे आजच्या रसायनशास्त्रातील अत्यंत विश्वासार्ह साधन म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजेच एनएमआर.

हायड्रोजनचे अणुकेंद्र हा एकच प्रोटॉन असून तो सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. तीव्र चुंबकीय क्षेत्रात तो दोनच अवस्थांत राहू शकतो आणि त्यांतील ऊर्जेच्या फरकाइतकी रेडिओ लहर मिळाली की एका अवस्थेतून दुसरीत जातो. क्षेत्र 9.4 टेस्ला असेल, तर ही लहर सुमारे 400 मेगाहर्ट्झची असते. तेवढ्या क्षेत्रातही दोन अवस्थांमधील प्रोटॉनांच्या संख्येत लाखामागे जेमतेम तिघांचा फरक असतो आणि सारा संकेत त्या तिघांच्या बळावर मिळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे द्रव हेलियमने थंड ठेवलेल्या महागड्या चुंबकांचे प्रयोजन पटते.

रेणूतील सर्व प्रोटॉन नेमक्या एकाच लहरीला प्रतिसाद देत नाहीत, कारण भोवतालचे इलेक्ट्रॉन बाहेरील क्षेत्र थोडेसे अडवतात आणि ही आडकाठी प्रोटॉनच्या शेजाराप्रमाणे बदलते. हा फरक दशलक्षांशांत, म्हणजे पीपीएममध्ये मोजतात. अमेरिकेत 1945 च्या अखेरीस व 1946 च्या सुरुवातीस पर्सेल आणि ब्लॉख या भौतिकशास्त्रज्ञांच्या गटांनी अणुकेंद्रीय अनुस्पंदनाच्या घटनेचा स्वतंत्रपणे शोध लावला आणि 1952 मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र रसायनशास्त्राला तिची खरी किंमत कळली ती 1951 मध्ये स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलच्या, म्हणजे साध्या मद्यार्काच्या, वर्णपटात 1 : 2 : 3 क्षेत्रफळांची तीन वेगळी शिखरे दाखवली तेव्हा. ही शिखरे अनुक्रमे ऑक्सिजनवरील एका, मधल्या कार्बनवरील दोन आणि टोकाच्या कार्बनवरील तीन हायड्रोजनांची होती. यांपैकी एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआर संशोधनाचा पाया घातला. सेंद्रिय रसायनशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला हे नाव ठाऊक असायला हवे.

शिखराची जागा शेजार सांगते आणि क्षेत्रफळ हायड्रोजनांची संख्या सांगते. तिसरी खूण शिखराच्या फाटण्याची असून, लगतच्या कार्बनवरील हायड्रोजनांमुळे एका शिखराच्या जागी अनेक रेषा दिसतात. इथेनॉलच्या टोकाकडील तीन हायड्रोजनांचे शिखर दोन शेजाऱ्यांमुळे तीन रेषांत विभागले जाते.

लिमोनिनचे काही मिलिग्रॅम क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून (त्यातील साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असावा लागतो, म्हणजे द्रावकाचा स्वतःचा संकेत आड येत नाही) बारीक काचनळीत भरतात. मिळणाऱ्या वर्णपटात 5.4 पीपीएमच्या आसपास एक आणि 4.7 जवळ दोन हायड्रोजन दिसतात. या दोन्ही जागा कार्बन-कार्बन दुहेरी बंधावरील हायड्रोजनांच्या असून, 4.7 जवळची जोडी रेणूच्या टोकाशी असलेल्या दुहेरी बंधाची आहे. पुढे 1.73 आणि 1.65 येथे तीन-तीन हायड्रोजनांची शिखरे येतात व ती ठळकपणे फाटत नाहीत, म्हणून हे दोन्ही मिथिल गट (तीन हायड्रोजन असलेले कार्बन) ज्या कार्बनांना जोडलेले आहेत त्यांच्यावर हायड्रोजन नाही. शिवाय साध्या साखळीतील मिथिल 0.9 च्या आसपास दिसत असल्याने हे दोन्ही दुहेरी बंधांनाच लागून आहेत. उरलेले सात हायड्रोजन साधारण 1.4 ते 2.2 या पट्ट्यात दाटीने बसतात आणि एकूण बेरीज 16 होते.

आता हिशेब असा : 10 कार्बनांच्या संपृक्त साखळीत 22 हायड्रोजन असतात, येथे सहा कमी आहेत, आणि प्रत्येक दुहेरी बंधामागे वा वलयामागे दोन कमी होतात. दोन दुहेरी बंधांनी चारांचा हिशेब लागतो, त्यामुळे राहिलेली जोडी रेणूत एक वलय असल्याचे सांगते. वलयावर कोणता गट नेमका कुठे बसला आहे, हे ठरवण्यासाठी कार्बनच्या वर्णपटाचा आणि द्विमितीय एनएमआरचा आधार घ्यावा लागतो.

गुरुकुंज मोझरी येथील आश्रमाच्या परिसरात आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि वनौषधींच्या अभ्यासातही असेच प्रश्न उभे राहतात. तेथे अडचण अधिक असते, कारण अर्कात अनेक पदार्थ एकत्र असल्याने शिखरे एकमेकांवर चढतात आणि म्हणून आधी एकेक पदार्थ वेगळा करणे भाग पडते. शुद्ध नमुना मिळाला तरी एक मर्यादा राहते : लिमोनिनचे आरशातल्या प्रतिमेसारखे दोन प्रकार आहेत आणि साध्या द्रावकात त्या दोहोंचा प्रोटॉन वर्णपट अगदी सारखाच असतो. संत्र्यातील लिमोनिन ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते, तर त्याचा आरशातला जोडीदार डावीकडे. तेव्हा हा शेवटचा भेद ध्रुवणमापक या स्वतंत्र उपकरणाने ठरवावा लागतो.