विमानाचे पोट

प्रवासी विमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खुर्च्यांच्या रांगा येतात. पण तो विमानाचा वरचा मजला झाला. खालच्या मजल्याला त्या धंद्यातही ‘पोट’च म्हणतात, बेली. आपल्या बॅगा तिथे असतातच. पण एप्रिल-मेमध्ये मुंबईहून लंडनला किंवा दुबईला जाणाऱ्या विमानात त्यांच्या शेजारी हापूसच्या पेट्या असतात, औषधांची खोकी असतात, कधी पिंजऱ्यात एखादे कुत्रे असते, तर कधी परमुलखात वारलेले कुणाचे तरी आप्त शवपेटीतून घरी निघालेले असतात. जगभरच्या हवाई मालापैकी जवळपास निम्मा माल अशा पोटांतून जातो. २०२० साली प्रवासी उड्डाणे थांबली आणि मालवाहतुकीचे दर आभाळाला भिडले, त्याचे कारण हेच होते.

मी अभियंता नाही. अंधेरीला सहारजवळ एका क्लिअरिंग एजंटकडे मी बरीच वर्षे कागदपत्रांचे काम केले. मालाचे वजन, खोक्यांची संख्या, मालाचे वर्णन यांच्या चळतीत दिवस जायचा. आपण लिहिलेल्या या आकड्यांचे पुढे काय होते, या कुतूहलातून अपघातांचे चौकशी अहवाल वाचायची सवय लागली. ते बहुतेक फुकट मिळतात, भाषा रूक्ष असते, आणि शब्दकोश जवळ ठेवला तर कुणालाही वाचता येतात. त्या वाचनातून जे हाती लागले, ते इथे मांडते.

सुरुवात बैलगाडीपासून करावी लागेल. गाडी भरताना मागे जास्त वजन पडले तर गाडी उलाळ होते, म्हणजे पुढचा भाग वर उचलला जातो. पुढे जास्त पडले तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. गाडीवान पोती पुढे-मागे सरकवून तोल साधतो. विमानाचे गणित हेच आहे. चाकांवर उभे असतानाही ते उलाळ होऊ शकते. पुढच्या कप्प्यातला माल आधी उतरवला आणि मागचा तसाच राहिला, तर नाक हवेत जाऊन शेपटी जमिनीला टेकते. म्हणून काही विमानांच्या शेपटीखाली उभे असताना एक टेकू लावतात. भरताना आधी पुढचा कप्पा, उतरवताना आधी मागचा, हा सर्वसाधारण शिरस्ता त्यासाठीच आहे.

हवेत मात्र टेकू नाही. गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला तर उड्डाणाच्या वेळी नाक हवे त्याहून जास्त वर जाऊ पाहते, पुढे गेला तर उचलता उचलत नाही. कुठल्या कप्प्यात किती किलो, याची आज्ञा लोडिंगच्या कागदावर असते. त्यावरून आणि प्रवाशांच्या संख्येवरून ‘लोडशीट’ तयार होते. कॅप्टन ते स्वीकारतो, त्यातल्या आकड्यांवरून इंजिनाचा जोर, उड्डाणाचा वेग आणि शेपटीची मांडणी ठरवतो. खालचे पोट त्याने आतून पाहिलेले नसते. त्याच्यापुरते पोट म्हणजे तो कागद.

आता गंमत अशी, की बॅगा तोलतात, माल तोलतात, पण माणसे कुणी तोलत नाही. त्यांचे ठोकळ वजन धरतात. आपल्याकडे मोठ्या माणसाचे हातसामानासकट ७५ किलो धरण्याची पद्धत आहे, मुलाचे ३५ आणि तान्ह्या बाळाचे १०. दीडदोनशे प्रवाशांत लठ्ठ-बारीक एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून हे सहसा चालते. विमान लहान असले की सरासरीचा आधार डळमळतो. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लटला एकोणीस आसनांचे एक विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि सर्व २१ माणसे गेली. शेपटीच्या पट्टीची केबल दुरुस्तीत चुकीची जुळवली होती, हे एक कारण. दुसरे, विमान कागदावरच्यापेक्षा जड होते आणि त्याचा तोल मागे गेला होता. अमेरिकन लोक सरासरीच्या जुन्या आकड्याहून वजनदार झाले होते, आकडा मात्र तिथेच होता. अपघातानंतर तो वाढवला गेला.

मे २०१४मध्ये कॅनबेराहून पर्थला निघालेल्या क्वांटासच्या विमानात शाळेची ८७ लहान मुले मागच्या बाजूला एकत्र बसली होती. संगणकात ती सगळी मोठी माणसे म्हणून नोंदली गेली. कागदावर मागे टनावारी वजन होते, प्रत्यक्षात तिथे सहलीला निघालेली चिमुरडी होती. उड्डाणाच्या वेळी वैमानिकाला नाक उचलायला नेहमीपेक्षा बराच जोर लावावा लागला. सुदैवाने तेवढ्यावर भागले.

याची उलट गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. २१ जुलै २०२० रोजी बर्मिंगहॅमहून पाल्माला निघालेल्या टुई कंपनीच्या बोइंग ७३७मध्ये ३८ स्त्रियांनी आपल्या नावाआधी ‘मिस’ लिहिले होते. नोंदणीची संगणकप्रणाली ज्या देशात बेतली गेली, तिथे ‘मिस’ म्हणजे लहान मुलगी आणि ‘मिझ’ (Ms) म्हणजे मोठी बाई, असा वापर होता. यंत्राने त्या ३८ जणींना प्रत्येकी ३५ किलोचे मूल मानले. विमान कागदापेक्षा सुमारे १,२०० किलो जड निघाले. अपघात झाला नाही, ब्रिटिश चौकशी विभागाने मात्र ही गंभीर घटना म्हणून नोंदवली. आपल्या लग्नपत्रिकांवरच्या ‘चि.सौ.कां.’ आणि ‘कुमारी’ यांचा अर्थ परदेशी संगणकाला समजावायचा झाला तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी. स्त्रीच्या नावामागे तिचे लग्न चिकटवण्याची हौस कुठवर पोहोचते, याचे इतके रोकडे उदाहरण मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

पण शब्दांची सर्वांत महाग किंमत मोजली गेली ती पॅरिसजवळ. ३ मार्च १९७४. टर्किश एअरलाइन्सचे डीसी-१० विमान इस्तंबूलहून पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर उतरले आणि पुढे लंडनला निघाले. दहा-बारा मिनिटांत मागच्या मालकप्प्याचे दार उडाले. कप्प्यातली हवा क्षणात बाहेर गेली, वरच्या प्रवासीकक्षातली मात्र दाबाखाली होती. त्या दाबाने मधली जमीन खाली खचली. शेपटी हलवणाऱ्या केबल त्या जमिनीतूनच गेलेल्या होत्या. एर्मनॉनव्हिलच्या जंगलात विमान आदळले, ३४६ माणसे मेली.

दार ओर्लीतल्या एका सामान भरणाऱ्या कामगाराने बंद केले होते. दारावर सूचनेची पाटी होती, इंग्रजीत आणि तुर्कीत. या माणसाला तीन भाषा उत्तम लिहितावाचता येत होत्या. पण त्यांत नेमक्या या दोन नव्हत्या. वर्तमानपत्रांना हे पुरेसे होते. अडाणी हमालाने साडेतीनशे माणसे मारली, असे चित्र उभे राहिले आणि अजूनही ते कुठे कुठे वाचायला मिळते.

अहवाल वाचला की चित्र पालटते. हँडल खाली बसले आणि शेजारची छोटी झडप मिटली की दार पक्के झाले, असे त्याला शिकवले होते. दोन्ही गोष्टी झाल्या होत्या. दोष दाराच्या रचनेत होता: आतले आकडे पूर्ण बसलेले नसतानाही, जोर लावला की आतल्या दांड्या वाकत आणि हँडल निमूट खाली बसे. आकडे बसलेत की नाही हे पाहायला एक बारीक काच ठेवली होती, पण तिच्यातून पाहणे हे विमान कंपनीच्या तंत्रज्ञाचे काम होते, त्याचे नव्हे. त्या दिवशी कंपनीचा जमिनीवरचा तंत्रज्ञ तिथे नव्हता आणि विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने खाली उतरून दार तपासले नाही.

हे अचानक उद्भवले असेही नाही. १२ जून १९७२ रोजी कॅनडातल्या विंडसरवर अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१०चे हेच दार उडाले होते. एक शवपेटीही खाली पडली, पण वैमानिकांनी कौशल्याने विमान उतरवले आणि सगळे वाचले. सांगाडा बनवणाऱ्या कॉनव्हेअर कंपनीतल्या डॅन ॲपलगेट या अभियंत्याने पंधरवड्यात वरिष्ठांना टिपण लिहिले. हे दार येत्या वीस वर्षांत पुन्हा उघडणार आणि तसे झाले की बहुधा विमान हातचे जाणार, असा त्याचा आशय होता. टिपण फाइलीत राहिले. सरकारी विमान खात्याने सक्तीचा आदेश काढण्याऐवजी कारखानदाराशी तोंडी समजुतीवर भागवले. पॅरिसला पडलेल्या विमानाच्या कागदांवर सुधारणा केल्याची नोंद होती, दारावर ती सुधारणा नव्हती. कारखान्यात कुणीतरी न केलेल्या कामावर शिक्का मारला होता. शिक्का मारणाऱ्याला अक्षरे वाचता येत होती, एवढाच काय तो फरक.

अपघातानंतर दार बदलले, जमिनीत हवा निघून जायला झरोके आले.

‘रिकामे’ या शब्दाने असाच घात केला. ११ मे १९९६ रोजी मायामीहून निघालेल्या व्हॅल्यूजेटच्या डीसी-९च्या पुढच्या कप्प्यात पाच खोकी होती. कागदावर त्यांत ऑक्सिजनचे ‘रिकामे’ डबे होते. प्रत्यक्षात ती मुदत संपलेली, पण भरलेली रासायनिक जनित्रे होती. चाप ओढला गेला की ती तापतात आणि ऑक्सिजन सोडतात. त्यांना सुरक्षा टोप्या लावलेल्या नव्हत्या. सोबत विमानाचे टायर होते. तेव्हा अशा कप्प्यांत आग विझवायची सोय नसे. कप्पा हवाबंद असल्याने आग आपोआप गुदमरेल, असा हिशेब होता. इथे आगच स्वतःसाठी ऑक्सिजन तयार करत होती. ११० माणसे गेली. त्यानंतर अमेरिकेत अशा कप्प्यांत धूरसूचक आणि अग्निशामक यंत्रणा सक्तीची झाली. आज काउंटरवर ‘बॅगेत पॉवर बँक आहे का?’ असे विचारतात ते याच जातीचे भय आहे. लिथियमची बॅटरी एकदा पेटली की कप्प्यातला अग्निशामक वायू तिला पुरतेपणी थांबवू शकत नाही. वर, माणसांच्या नजरेसमोर पेटली तर पाणी ओतता येते. १ एप्रिल २०१६पासून लिथियम-आयन बॅटऱ्या सुट्या माल म्हणून प्रवासी विमानांतून नेण्यास आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

आता माणसांकडे येते. मोठ्या विमानात सामान पत्र्याच्या डब्यांत भरून चढते. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७मध्ये मात्र बहुधा एकेक बॅग हातानेच रचतात. तिथे उभे राहता येत नाही. लोडर गुडघ्यांवर बसतो, पट्ट्यावरून आलेली बॅग घेतो, मागे सरकवतो, शेवटी जाळी अडकवतो. मेमधल्या दुपारी त्या कप्प्यात काय होत असेल ते सांगायला नको.

सावंतवाडीकडचे एक निवृत्त लोडर मला त्यांच्या डोंबिवलीच्या घरी भेटले. कंपनीचे नाव त्यांनी सांगितले, मी लिहीत नाही. ते म्हणाले, “ताई, एकदा पट्ट्याच्या गाडीचा कोपरा विमानाला घासला. आम्ही तिघांनी लगेच सुपरवायझरला सांगितलं. इंजिनिअर आला, बघून गेला, विमान तासभर उशिरा सुटलं. आमचा तिघांचा पगार कापला. पुढं कुणाचं घासलं असेल तर कुणी सांगितलं असेल, असं वाटतं तुम्हाला?”

मी त्यांना सिअॅटलची हकिगत सांगितली. २६ डिसेंबर २००५, अलास्का एअरलाइन्सचे उड्डाण ५३६. रॅम्पवरची एक गाडी विमानाला घासली, ठेकेदाराच्या कामगाराने ते कुणाला सांगितले नाही. विमान सुमारे २६,००० फुटांवर गेले तेव्हा त्या जागी पत्रा फाटला आणि फूटभर लांबीचे भोक पडले. प्राणवायूचे मुखवटे लोंबले, वैमानिकांनी विमान झपाट्याने खाली आणून सिअॅटललाच सुखरूप उतरवले. घासल्याचे त्या कामगाराने नंतर कबूल केले. विमानाचा पत्रा काही मिलिमीटर जाडीचा असतो आणि वर गेल्यावर आतली हवा त्याला बाहेर ढकलत असते. खाली क्षुल्लक दिसणारी चीर वर क्षुल्लक राहत नाही. हे त्या लोडरकाकांना ठाऊक होते. “पहिल्या दिवशी शिकवतात,” ते म्हणाले. “पगार कापतात ते नंतर.”

जमिनीवर माणसेही मरतात, याची बातमी क्वचितच होते. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईत, हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाजवळ उभा असलेला एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला. ती बातमी झाली, कारण मरण भयंकर होते. पाठीचे मणके सरकून घरी बसलेल्यांची बातमी होत नाही.

निघताना काकांनी एक गोष्ट दाखवली. त्यांच्या डायरीत काही वर्षांच्या पानांवर विमानाच्या नोंदणीची अक्षरे, कप्प्याचा क्रमांक आणि बॅगांची संख्या पेन्सिलीने टिपलेली होती. ही नोंद कुणी मागितली नव्हती. लोडशीटवर लोडरचे नाव नसते, म्हणून कागद चुकला तर आपल्याजवळ आपला आकडा असावा, एवढ्यासाठी ते ती ठेवत. शेवटच्या पानावरची बेरीज त्यांनी मला पुन्हा करायला लावली. ती बरोबर आली.