लाखाची गोष्ट आणि टेनिसचा चेंडू

मराठी माणसाला दोन विषयांवर बोलण्यासाठी पदवी लागत नाही. एक चित्रपट आणि दुसरा क्रिकेट. मी मराठीचा एम. ए. आहे आणि पनवेलच्या एका महाविद्यालयात वीस वर्षे शिकवतो आहे. पण मर्ढेकरांविषयी माझे मत काय, असे घरात कुणी विचारल्याचे मला स्मरत नाही. चित्रपटाचा विषय निघाला की मात्र घरातले प्रत्येक माणूस टीकाकार होते आणि मी तेवढा विद्यार्थी उरतो.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. दुपारची जेवणे आटोपली होती. आमचे वडील अण्णा झोपाळ्यावर सुपारी कातरीत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. दात थोडे, मते बत्तीस. न्यू जर्सीत नोकरी करणारा माझा भाचा दिवाळीसाठी आला होता. त्याने अगदी निरागसपणे विचारले,

"आजोबा, स्वतः काम करून दिग्दर्शनही करणाऱ्यांत तुमचा आवडता कोण?"

"राजाभाऊ परांजपे," अण्णा म्हणाले. "आता दुसरा प्रश्न विचार."

परंतु चित्रपटाचा वाद पहिल्या उत्तरावर मिटला, असे कधी झाले आहे काय? भाच्याने पुरावा मागितला आणि अण्णांनी सुपारी खाली ठेवली.

1952 साली अण्णा दहा-अकरा वर्षांचे होते. पुण्याला मामाकडे गेले असताना त्यांनी 'लाखाची गोष्ट' पाहिला. लेखणी गदिमांची, संगीत सुधीर फडक्यांचे, दिग्दर्शन राजाभाऊंचे. आणि पडद्यावर राजा गोसावींच्या जोडीला पुन्हा राजाभाऊच. रेखा आणि चित्रा या दोघी बहिणींचाही तो पहिला चित्रपट. मुलीच्या श्रीमंत बापाने अट घातलेली असते, की एक लाख रुपये महिन्याभरात खर्च करून दाखव. आणि गंमत अशी, की पैसा काही केल्या संपत नाही!

"त्याच वर्षी 'पेडगावचे शहाणे'," अण्णा बोटे मोडीत म्हणाले. "1960 साली 'जगाच्या पाठीवर', 1963 साली 'हा माझा मार्ग एकला', 1964 साली 'पाठलाग'. हसवायचं, रडवायचं आणि घाबरवायचंसुद्धा. तुमच्या अमेरिकेत आहे असा कुणी?"

"'पाठलाग'वरूनच हिंदीत 'मेरा साया' काढला ना हो, अण्णा?" सौ. आतून म्हणाल्या. त्यांची स्मरणशक्ती अशा वेळी माझ्याविरुद्ध वापरली जात नाही, हे विशेष.

भाचा मात्र एकदम उठून बसला. "आजोबा, ही लाखाची गोष्ट मी बेसबॉलमध्ये पाहिली आहे!"

आम्हांला वाटले, भाऊबीजेचे श्रीखंड अंगावर आले. पण पोरगा खरे बोलत होता. 'ब्रूस्टर्स मिलियन्स' नावाची एक इंग्रजी कादंबरी 1902 सालची. तिच्यावर कितीतरी चित्रपट निघाले. 1985 सालच्या चित्रपटात रिचर्ड प्रायर हा हॅकेनसॅक नावाच्या गावच्या एका गरीब बेसबॉल संघातला चेंडूफेक्या असतो. तीस दिवसांत तीन कोटी डॉलर उडवायचे, तरच तीस कोटींची इस्टेट मिळायची. मग हा पठ्ठ्या काय करतो, तर न्यूयॉर्कचा नामांकित यांकीज संघच पैसे मोजून आपल्या फाटक्या संघाशी खेळायला बोलावतो. आयुष्यभराची हौस फेडून घेतो!

"आणि हॅकेनसॅक आमच्या न्यू जर्सीतच आहे," भाच्याने अभिमानाने सांगितले, जणू ते गाव त्यानेच वसवले होते.

त्यावर मीही माझे ज्ञान पाजळले. याच धर्तीचा 'मालामाल' 1988 साली हिंदीत आला. नायक नसीरुद्दीन शाह; आणि पाहुणा म्हणून साक्षात सुनील गावसकर, गावसकर म्हणूनच! म्हणजे गोष्टीचे बी तेच, पण तिकडच्या मातीत बेसबॉल उगवतो आणि इकडच्या मातीत क्रिकेट.

"हा बेसबॉल म्हणजे नक्की काय रे?" अण्णांनी विचारले. भाच्याने नऊ खेळाडू, नऊ डाव, चार कोपऱ्यांचे मैदान आणि तीनदा चुकला की बाद, असे सारे समजावले. अण्णांनी शांतपणे ऐकले आणि निकाल दिला, "कळलं. विटीदांडूचा श्रीमंत चुलतभाऊ."

भाच्याचा लाडका नट केव्हिन कॉस्नर. 1990 सालच्या 'डान्सेस विथ वुल्व्ज'मध्ये तो नायक होता आणि दिग्दर्शकही. त्या चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली. पण बेसबॉलवरचे त्याचे गाजलेले चित्रपट, 1988 सालचा 'बुल डरहॅम' आणि 1989 सालचा 'फील्ड ऑफ ड्रीम्स', दुसऱ्यांनी दिग्दर्शित केलेले आहेत. त्यांतल्या दुसऱ्याची कथा भाचा सांगू लागला. आयोवा प्रांतातला एक शेतकरी. त्याला मक्याच्या शेतात एक आवाज ऐकू येतो आणि तो उभे पीक मोडून तिथे खेळाचे मैदान करतो. गाव वेड्यात काढते, शेत कर्जापायी जायची वेळ येते. पण त्या मैदानावर जुन्या काळचे, केव्हाच वारलेले खेळाडू खेळायला येतात. शेवटी त्याचे वारलेले वडीलही येतात, तरुण होऊन. आणि बापलेक संध्याकाळच्या उजेडात एकमेकांकडे चेंडू टाकीत राहतात.

गोष्ट संपली. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी आणि मी एकमेकांकडे चेंडू शेवटचा कधी टाकला असेल, याचा हिशेब मी मनात करीत होतो. तोच दारातून आवाज आला,

"तिकडं शेत मोडून मैदान केलं. आमच्याकडं मैदान मोडून बिल्डिंग झाली."

दारात माझा एक विद्यार्थी उभा होता. त्याचे नाव येथे सांगत नाही. खरे तर त्या दिवसापर्यंत मलाही त्याचे नाव आठवले नसते. हजेरीपटावर तो 47 क्रमांक होता, आणि त्या क्रमांकापुढे लाल शाईच्या फुल्याच फार. तो पनवेलजवळच्या एका खेड्यातला. आईने दिलेला करंज्यांचा डबा आणि राहिलेला प्रकल्प घेऊन आला होता. आमच्या वादात दार वाजवायला त्याला जागाच सापडली नसावी.

"ये, बस," अण्णांनी फर्मावले. "तू सांग. नट-दिग्दर्शकांत तुझा कोण?"

"नागराज मंजुळे, आजोबा."

"का?"

पोरगा जरा बिचकला. माझ्याकडे पाहिले आणि मग बोलू लागला. "'सैराट' 2016 साली आला, तेव्हा मी लहान होतो. त्याच्या सुरुवातीला गावातली मॅच आहे. तसली मॅच मी त्याआधी पडद्यावर बघितलीच नव्हती. पिक्चरमध्ये क्रिकेट म्हणजे स्टेडियम. ही आमच्यासारखी मॅच. माईकवर बडबडणारा कॉमेंटेटर. आणि तो कॉमेंटेटर म्हणजे स्वतः नागराज सर. पिक्चर त्यांचा, पण हिरो नाही झाले. माईक धरून बाजूला बसले."

"शाबास!" अण्णा म्हणाले. "राजाभाऊही तेच करायचे. 'लाखाची गोष्ट' त्यांची, पण गोसावींना केवढी जागा दिली!"

"आजोबा, कॅप्टन बॉलर असला ना, की तेच बघायचं असतं," तो आता रंगात आला. "स्वतःला किती ओव्हर देतो. काही जण स्वतःच टाकत सुटतात आणि मॅच घालवतात. शहाणा कॅप्टन गरज असेल तेवढीच टाकतो आणि चेंडू दुसऱ्याच्या हातात देतो."

मी वीस वर्षे साहित्यातील लेखकाच्या अलिप्ततेवर व्याख्याने देत आलो आहे. ते सारे या पोराने एका षटकात संपवले.

"मग 'लगान' कुठे गेला?" सौ.नी आघाडी उघडली. "2001 सालचा. ऑस्करच्या शेवटच्या पाचांत गेला होता. आशुतोष गोवारीकरही आधी नटच होते की!"

"मस्तच आहे, मॅडम. पण मला 'झुंड' जास्त आवडतो," तो म्हणाला आणि थांबला. मग खाली पाहत पुढे म्हणाला, "सर वर्गात म्हणाले होते, 'झुंड'मध्ये गोष्ट कमी आणि भाषण जास्त. त्या दिवशी मी वर्गात होतो."

वाचकहो, येथे एक कबुली दिली पाहिजे. 'झुंड' मी पाहिलेला नव्हता. कुणाकडून तरी ऐकलेले मत मी स्वतःचे म्हणून वर्गात ठोकून दिले होते. मी गडबडलो, आणि गडबडलेला मास्तर जे करतो तेच मी केले. विषय बदलून पोरावर उलटलो.

"त्या दिवशी होतास! मग एरवी कुठं असतोस? 75 टक्के हजेरीचा नियम तुला ठाऊक नाही?"

घर एकदम शांत झाले. भाऊबीजेच्या दिवशी आलेल्या पाहुण्याला असे बोलू नये, एवढे सौ.च्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेले होते.

"टेनिस बॉलच्या मॅचा असतात, सर," तो हळूच म्हणाला. "ह्या भागात दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत चालतात. मोठ्या टुर्नामेंटला एक लाखाचं बक्षीस असतं. कॉलेजच्या टीमकडून खेळलो तर हजेरी मिळते. पण तिथं पैसे मिळत नाहीत. बहिणीची फी भरायची होती."

"लाख जिंकलास?" भाच्याने विचारले.

"एकदा. अकरा जणांत वाटले. नऊ हजार नव्वद आले."

अण्णा बराच वेळ झोपाळ्याला पायाने रेटा देत राहिले. मग म्हणाले, "राजा गोसावीला एक लाख संपवता संपत नव्हते. ह्याला ते अकरांत पुरवायचे आहेत. लाखाची गोष्ट ती पण आणि ही पण."

परीक्षेला बसू न द्यायच्या विद्यार्थ्यांची यादी माझ्या टेबलाच्या खणात होती. 47 क्रमांक तिच्यात तिसरा होता. सुट्टी संपताच ती मी कार्यालयात देणार होतो.

त्या रात्री अण्णांनी 'झुंड' लावायला सांगितला. 2022 सालचा चित्रपट. जवळजवळ तीन तासांचा. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवला, त्या कार्यावर आधारलेला. अमिताभ बच्चन शिक्षक झाले आहेत. महाविद्यालयाचे मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. कॅमेरा त्या भिंतीकडे पुन्हा पुन्हा येतो. भाचा म्हणाला, फुटबॉलचे सामने तिकडच्या चित्रपटांत अधिक चांगले घेतात. सौ. म्हणाल्या, लांबला. मला भाषणे थोडी जास्त वाटली, हेही सांगून टाकतो. ऐकीव मत कधी कधी खरेही निघते. पण ज्या भिंतीविषयी चित्रपट आहे, तिच्या कुठल्या बाजूला मी वीस वर्षे हजेरीपट घेऊन उभा आहे, ते मला कुणी ऐकवले नव्हते. ते स्वतःच पाहावे लागले.

अण्णांचा निकाल एका वाक्यात आला. "राजाभाऊंनी हा अर्धा तास कमी केला असता; पण भिंत राजाभाऊंना सुचली नसती."

यापेक्षा चांगली समीक्षा मी तरी अलीकडे वाचलेली नाही.

पुढच्या रविवारी अण्णांना घेऊन मी सामना पाहायला गेलो. कापून झालेल्या भाताच्या खाचरात रोलर फिरवून खेळपट्टी केली होती. मंडप, कर्णे, आगरी बोलीतले धावते वर्णन आणि कडेने उभी असलेली पाच-सहाशे माणसे. आमचा विद्यार्थी कप्तान होता. त्याने स्वतः एकच षटक टाकले. दोन धावांवर बाद झाला. त्याचा संघ हरला. परतताना तो अण्णांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "सर, आज भाषण जास्त, गोष्ट कमी झाली."

नियम मी मोडला नाही. तो माझा नाहीच. पण यादी देण्याआधी मी प्राचार्यांना भेटलो आणि राहिलेल्या तासांची भरपाई करून घेण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, अट एकच: तास खरोखर व्हायला हवेत. म्हणून सत्र संपेपर्यंत आम्ही दोघे सकाळी सात वाजता रिकाम्या वर्गात बसत होतो. कधी तो उशिरा यायचा, कधी मी. हजेरी मी क्रमांकाने नव्हे, नावाने मांडली. तो परीक्षेला बसला आणि दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाला. प्रथम वर्ग मिळाला असता तर गोष्ट अधिक बरी झाली असती. पण ती मग चित्रपटातली झाली असती.

वादाचा निकाल अजून लागलेला नाही. भाच्याने न्यू जर्सीहून अण्णांसाठी बेसबॉलचा एक पांढरा, लाल टाक्यांचा चेंडू पाठवला आहे. तो झोपाळ्यावर असतो. परवा संध्याकाळी मी महाविद्यालयातून आलो, तेव्हा अण्णांनी तो हातात तोलून पाहिला आणि काही न बोलता माझ्याकडे टाकला.

मी झेल सोडला. अण्णा म्हणाले, "उचल आणि परत टाक."