वरसे आणि घरबांधणीचे नवे नियम

रोह्याच्या वेशीला लागलेल्या वरसे या वस्तीस गाव म्हणावे की नगर, असा प्रश्न पडतो. कारभार ग्रामपंचायतीचा, जनगणनेच्या दप्तरी मात्र ते नगर. किमान 5,000 वस्ती, दर चौरस किलोमीटरला 400 माणसे आणि कामकरी पुरुषांतील पाऊण हिस्सा शेतीबाहेर पोट भरणारा, या कसोट्यांवर जनगणना खाते असा निवाडा देते. धाटावचे कारखाने जवळ असता भातखाचरांवर घरे उभी राहिली, यात नवल ते काय!

अशा मधल्या वस्त्यांची आजवर आबाळच होत असे. शहराचे नियम निराळे, खेड्यांचे निराळे. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला 1915 साली. बहुतेक महाराष्ट्रास एकच नियमावली मिळण्यास मात्र डिसेंबर 2020 उजाडावा लागला! मुंबई शहर, औद्योगिक वसाहती आदि काही क्षेत्रे तिच्यातून वगळली आहेत.

लहान घर बांधणाऱ्यास या नियमावलीने खरोखर दिलासा दिला आहे. भूखंड 150 चौरस मीटरपर्यंत असेल, तर नकाशा व शुल्क दाखल केल्याची पोच हीच परवानगी. 300 पर्यंत असल्यास 10 दिवसांत निर्णय. परंतु सातबाऱ्यावर चार भावांची नावे सामाईक असता एकाने परस्पर पाया खणला, तर ही पोच त्याला घरच्या कज्ज्यातून सोडविणार नाही. मोजणी व वाटणी आधी व्हावी, मग नकाशा, असे आम्हांस वाटते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची. वरसे कुंडलिकेच्या खोऱ्यात आहे, आणि जुलै 2021 मध्ये याच जिल्ह्यातील महाडास सावित्रीने काय केले, ते सर्वांस ठाऊक आहे. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंत नवे घर बांधण्यास मनाई आहे. दोन रेषांमध्ये बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीहून निदान 0.45 मीटर, म्हणजे आपल्या जुन्या मापाने एक हात, उंच हवे. जागेचा इसार देण्यापूर्वी जलसंपदा खात्याकडे या रेषांची चौकशी करावी. आणि पाणी कोणत्या साली कोठवर चढले होते, हे गावातील वृद्धांसही विचारावे.