फुकट टेबल, पण हलवायचा खर्च?

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली ज्या बिलियर्ड्‌समध्ये हौशी जगज्जेते झाले, त्याचे जुने टेबल कोणी आपल्या शाळेला दिले, तर बेळगावहून काकतीला आणायला नुसते टेम्पोभाडे पुरेल का? नाही. हिरव्या कापडाखाली लाकूड नसते. पूर्वी लिहायच्या पाटीचा जो दगड, त्याच्याच जाड लाद्या असतात. 12 फुटी टेबलात बहुधा 5 लाद्या, एकूण वजन टनाच्या वर! तसेच उचलले तर लादी तडकते. म्हणून कारागीर आधी रबरी कडा व कापड काढतो, लाद्या सुट्या करतो. नव्या जागी सांधे भरून पातळी साधतो, कापड ताणून बसवतो. खरी मजुरी या जुळणीचीच. किंचित उतार राहिला तरी चेंडू भलतीकडे वळतो. पालक-विश्वस्तांनी होकार देण्यापूर्वी वाहतूक, जुळणी आणि कापड यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. खोली माडीवर असेल तर जिन्याची हमाली निराळी.