लंडनमध्येही कल्याण लागतं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी मुलगी लग्नानंतर लंडनच्या पूर्वेला इल्फर्ड नावाच्या उपनगरात राहायला गेली. २०२३ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात एकच चर्चा. अब्बांना विमानतळावर घ्यायला कोण जाणार? जावयांना सुट्टी नव्हती, मुलीचं बाळ तीन महिन्यांचं. त्यातच त्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. या आजारात समोरचं बरंचसं नीट दिसत राहतं, कडेचं मात्र हळूहळू पुसत जातं. मी म्हटलं, कोणी येऊ नका, मी येतो. पुढच्या वर्षी असं म्हणता येईल की नाही कोण जाणे.

निघण्याच्या आदल्या दिवशी एक शेजारी भेटायला आला. आमच्या वांगणीत अंध माणसांची शेकडो कुटुंबं राहतात. इथलं भाडं परवडतं आणि मुंबईपर्यंत थेट लोकल आहे, म्हणून एकाच्या ओळखीनं दुसरा असे लोक येत गेले. बरेचजण लोकलमध्येच पासची कव्हरं, पेनं, कीचेन विकतात, कोणी गातात. हा शेजारी त्यांच्यापैकीच. मला चाचा म्हणतो. म्हणाला, “चाचा, बाकी राजवाडा-बिजवाडा राहू द्या. मला एवढंच सांगा, तिथं विमानातून उतरल्यावर माझ्यासारखा माणूस एकटा घरापर्यंत पोहोचेल का?”

त्यामुळे लंडनमधला माझा अर्धा प्रवास त्याच्या कानांनी झाला.

हीथ्रो विमानतळ शहराच्या पश्चिम टोकाला आहे. तिथून मध्य लंडनला जायला रेल्वेचे तीन मार्ग आहेत आणि नवख्या माणसाचा गोंधळ नेमका इथंच होतो. पहिला हीथ्रो एक्स्प्रेस. पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन स्टेशन, पण भाडं ऐकून पोटात गोळा यावा. दुसरा पिकॅडिली लाइन, म्हणजे जुनी भुयारी रेल्वे. ही सर्वांत स्वस्त. शहराच्या मध्यात पोहोचायला तासाभराच्या आत-बाहेर लागतो, डबे बुटके आणि अरुंद, बॅगा गुडघ्यांत धरून बसायचं. तिसरा मार्ग २४ मे २०२२ रोजी सुरू झालेली एलिझाबेथ लाइन. पिकॅडिलीपेक्षा भाडं दुपटीहून जास्त, पण अर्ध्या तासात पॅडिंग्टन आणि पुढे थेट पूर्व लंडनपर्यंत. एक्स्प्रेसच्या नादाला लागू नये, असं माझं स्वच्छ मत आहे. वाचलेल्या पंधरा मिनिटांचं आपण तिथं करणार काय? इल्फर्डला जायचं असल्यानं मी एलिझाबेथ लाइन धरली. परतताना मात्र मुद्दाम पिकॅडिलीनं आलो.

तिकिटाच्या रांगेत उभं राहायची गरज नसते. बँकेचं ज्या कार्डावर वायफायसारखी खूण असते ते फाटकावरच्या पिवळ्या गोल खुणेला टेकवायचं, फाटक उघडतं. उतरल्यावर पुन्हा टेकवायचं, मग भाडं कापलं जातं. आपल्या इथल्या बँकेचं कार्ड चालतं, फक्त परदेशातला वापर आधी सुरू करून घ्यायला हवा, आणि बँक वर थोडं शुल्क लावते. ते नको असेल तर ऑयस्टर नावाचं कार्ड २००३ पासून मिळतं, त्यात पैसे भरून ठेवायचे. एका दिवसात कितीही फिरलात तरी ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत. मात्र माणशी एक कार्ड हवं, नवरा-बायकोला एकच कार्ड चालत नाही.

यात माझी एक फजिती झाली. पूर्व लंडनमध्ये डीएलआर नावाची हलकी रेल्वे आहे. तिच्या बहुतेक स्टेशनांना फाटकंच नाहीत, नुसता खांब असतो. आयुष्यभर पास खिशात ठेवून थेट बाहेर पडायची सवय! मी खांबाकडे न बघता चालता झालो. गाडीतून उतरल्याची नोंदच नाही म्हटल्यावर यंत्रानं जास्तीत जास्त भाडं कापलं. आपल्याकडे निदान टीसीशी हुज्जत तरी घालता येते.

आता गाडी कशी ओळखायची ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथंच आहे. कल्याणच्या पुढे आपली लोकल दोन दिशांना फुटते हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला सांगायला नको. एक फाटा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत वांगणी-कर्जतला, दुसरा शहाड-टिटवाळ्यावरून कसाऱ्याला. इंडिकेटरवर कर्जतला ‘एस’ आणि कसाऱ्याला ‘एन’ लिहायची पद्धत आहे, म्हणजे दक्षिण-पूर्व आणि उत्तर-पूर्व. चुकून ‘एन’मध्ये बसलेला वांगणीकर शहाडला जागा होतो.

लंडनमध्ये अशी कल्याणं जागोजागी आहेत. फलाटावर आधी दिशा लिहिलेली असते, उत्तरेकडे, दक्षिणेकडे, पूर्वेकडे, पश्चिमेकडे. दिशा बरोबर धरली म्हणून काम संपत नाही. गाडीच्या कपाळावरचं शेवटचं स्टेशन वाचायचं. एलिझाबेथ लाइन व्हाइटचॅपलनंतर फुटते, एक गाडी अॅबी वूडला जाते, दुसरी इल्फर्डवरून शेनफील्डला. पिकॅडिली लाइन अॅक्टन टाउनला फुटते. परतताना अक्सब्रिजच्या गाडीत बसलात तर विमान तुमच्याशिवाय जाईल. चुकलंच, तर अॅक्टन टाउनला उतरून हीथ्रोची गाडी पकडायची. हीथ्रोच्या गाडीतही टर्मिनल चारची आणि टर्मिनल पाचची अशा दोन असतात.

मी विमानतळावरून अॅबी वूडच्या गाडीत बसलो होतो, म्हणून व्हाइटचॅपलला उतरलो. तिथं फलाट बदलताना स्टेशनचं नाव बंगाली लिपीत लिहिलेलं दिसलं. हा भाग बंगाली लोकांचा, ती पाटी २०२२ मध्ये लागली आहे. पश्चिमेच्या साउथॉल स्टेशनवर गुरुमुखी पाटी आहे. मला बंगाली येत नाही, तरी ते अक्षर पाहून बरं वाटलं. इतका वेळ इंग्रजी वाचून डोळे शिणले होते.

एवढं समजूनही मी चुकलोच. लंडनला जाणारा मराठी माणूस सहसा १०, किंग हेन्रीज रोड इथं जाऊन येतो. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना या घरात राहिले. महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि आता तिथं स्मारक आहे. जवळचं स्टेशन चॉक फार्म. इल्फर्डहून टॉटनहॅम कोर्ट रोडला यायचं, तिथं नॉर्दर्न लाइन पकडायची, उत्तरेकडे. मी दिशा पाहिली, गाडी आली, बसलो. शेवटचं स्टेशन पाहायचं राहिलं. कॅमडन टाउनला ही लाइन फुटते, एजवेअरची गाडी चॉक फार्मला जाते आणि हाय बार्नेटची केंटिश टाउनला. मी केंटिश टाउनला उतरलो. म्हणजे आमच्या भाषेत शहाडला.

फलाटावरच्या माणसाला विचारलं तर त्यानं हसून मागची गाडी दाखवली. कॅमडनला परत येऊन चॉक फार्म गाठलं. तिथून रुळांवरचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात ते घर येतं, शांत रस्त्यावरचं, शेजारच्या घरांसारखंच. शंभर वर्षांपूर्वी पैसे मोजून जगणारा तो विद्यार्थी या गावात किती वेळा चालत गेला असेल आणि किती वेळा गाडीनं, याचा मी तिथं बराच वेळ विचार करत बसलो होतो.

चालण्यावरून आठवलं. भुयारी रेल्वेचा तो प्रसिद्ध रंगीत नकाशा हॅरी बेक या ड्राफ्ट्समननं केला आणि तो १९३३ मध्ये लोकांच्या हाती आला. विजेच्या जोडणीच्या आकृतीसारख्या सरळ आणि तिरक्या रेघा. समजायला फार सोपा, पण अंतराच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवू नये. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्टेशनांत तीनशे मीटरसुद्धा अंतर नाही, आणि लोक खाली उतरून गाडीनं जातात! आणखी एक, शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी एखादी लाइन बंद असते. म्हणजे मेगाब्लॉक तिथंही आहे. आणि ज्यांना उगाच न्यूनगंड वाटतो त्यांच्यासाठी, लंडनची पहिली भुयारी गाडी १० जानेवारी १८६३ ला धावली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच्या दहा वर्षं आधीची, १६ एप्रिल १८५३ ची.

आता शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. गाडीत पुढचं स्टेशन पुकारतात, आणि ही गाडी शेवटी कुठं जाणार तेही पुकारतात. हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण फाटा चुकू नये यासाठी अंध माणसाला तोच आधार. बसमध्येही नंबर, शेवटचा थांबा आणि पुढचा थांबा ऐकू येतो. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, चढताना एकदा कार्ड टेकवायचं, उतरताना नाही. तासाभरात दुसरी बस घेतली तर तिचे पैसे पडत नाहीत. गाव पाहायचं असेल तर भुयारात शिरू नका, इल्फर्डहून २५ नंबरच्या बसच्या माडीवर पुढच्या बाकावर बसा. वेळ भरपूर लागतो, पण डोळ्यांचं पारणं फिटतं.

स्टेशनवर अंध प्रवाशानं नुसतं सांगायचं, आधी कळवायची गरज नसते. कर्मचारी गाडीपर्यंत सोडतो आणि उतरायच्या स्टेशनला कळवतो, तिथं दुसरा उभा राहतो. विमानतळावर मात्र अशी मदत हवी असेल तर अठ्ठेचाळीस तास आधी विमान कंपनीला सांगून ठेवावं लागतं. सगळं काही सोन्याचं नाही. भुयारी रेल्वेच्या २७२ स्टेशनांपैकी साधारण एक-तृतीयांश स्टेशनांतच पायऱ्या न चढता जाता येतं. बाकी ठिकाणी जिने आणि जिने.

खरा प्रश्न असतो फलाटाच्या कडेचा. काठीला लागणाऱ्या उंचवट्यांच्या पिवळ्या लाद्या आपण पाहतो, त्या सेइइची मियाके या जपानी गृहस्थांनी १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसल्या. लंडनमध्ये ज्युबिली लाइनच्या वेस्टमिन्स्टरपासून पुढच्या भुयारी स्टेशनांत आणि एलिझाबेथ लाइनच्या मधल्या स्टेशनांत फलाटाला काचेची भिंत आहे, गाडी थांबल्यावरच तिची दारं उघडतात. आम्हा वांगणीकरांना ही भिंत पाहून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. १७ एप्रिल २०२१ च्या संध्याकाळी आमच्याच फलाटावर अंध आईबरोबर चालणारा लहानगा रुळांवर पडला, समोरून गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत गेले आणि त्यांनी पोराला वर ढकललं. त्यांना मिळालेल्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी देऊ केली. पण दर वेळी मयूर शेळके ड्यूटीवर असतीलच असं नाही.

जिथं अशी भिंत नाही तिथं लंडनमध्ये आवाज आहे. ‘माइंड द गॅप’, फट सांभाळा. ही सूचना साठच्या दशकाच्या शेवटी ध्वनिमुद्रित स्वरूपात आली. नॉर्दर्न लाइनवर ती ऑस्वाल्ड लॉरेन्स नावाच्या नटाच्या आवाजात असायची. २००७ मध्ये ते वारले. त्यांची पत्नी एम्बँकमेंट स्टेशनवर जाऊन बसायची, त्यांचा आवाज ऐकायची आणि मग पुढच्या गाडीनं जायची. नवी यंत्रणा आली आणि तो आवाज बंद झाला. बाईंनी चौकशी केली. रेल्वेनं त्यांना ध्वनिमुद्रण दिलं आणि २०१३ मध्ये त्या एका फलाटावर तोच आवाज पुन्हा लावला. मी तिथं तीन गाड्या सोडल्या.

परत आल्यावर हे सारं शेजाऱ्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गाडीत विकू देतात का?” म्हटलं, नाही. गाणाऱ्यांना मात्र २००३ पासून परवाना मिळतो, स्टेशनच्या आत जमिनीवर अर्धगोल आखून दिलेला असतो, त्यात उभं राहून गायचं. तो हसला. “आखलेल्या जागेत कोण ऐकणार, चाचा? आम्ही तर माणसांच्या अंगावर जाऊन गातो.”

मग तो म्हणाला, लंडन राहू द्या, आपल्या विमानतळावरून वांगणी सांगा. त्याचा भाचा आखातात कामाला आहे, त्याला आणायला त्याला एकट्यानं जायचं होतं. मी विमानतळावरून टॅक्सीनं आलो होतो, त्यामुळे तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो तीन सुरू झाली आणि काम सोपं झालं. टर्मिनल दोनच्या स्टेशनवरून आरेकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं, पहिलंच स्टेशन मरोळ नाका. तिथं मेट्रो एकमध्ये बदलायचं, शेवटचं स्टेशन घाटकोपर. घाटकोपरला कर्जत किंवा खोपोली लोकल. मेट्रो तीनच्या फलाटाला लंडनसारखीच दारं आहेत हे सांगितल्यावर तो खूश झाला. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत, तिथून वांगणीचं गणित निराळं, ते पुन्हा कधीतरी.

“मरोळ नाक्याला एका मेट्रोतून दुसऱ्या मेट्रोत जाताना पावलं किती?” त्यानं विचारलं. “आणि जिना डाव्या हाताला की उजव्या?”

मी त्या वाटेनं दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा पाट्या वाचत गेलो, पावलं मोजली नव्हती. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं ती मोजायला निघालो आहोत.