कमी विजेवर अखंड चालणारा घरगुती सर्व्हर

कुटुंबाची छायाचित्रे, लग्नकार्यांच्या चित्रफिती, वडीलधाऱ्यांच्या आवाजातील ओव्या, मुलांची प्रमाणपत्रे, शिक्षकांनी वर्गासाठी तयार केलेले पाठ असा कितीतरी मोलाचा ठेवा आज कागदावर नसून मोबाइलमध्ये असतो. मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो किंवा चार-पाच वर्षांत बदलावा लागतो. पेन ड्राइव्ह कोणत्या खणात ठेवला, हे वेळेवर आठवत नाही. हा सारा ठेवा एका जागी राहावा आणि घरातील प्रत्येकास आपापल्या मोबाइलवर वा दूरचित्रवाणी संचावर तो पाहता यावा, यासाठी घरात लहानसा सर्व्हर बसविण्याकडे अनेकांचा कल होऊ लागला आहे.

सर्व्हर हा शब्द मोठा वाटला तरी त्यामागील कल्पना साधी आहे. घरातील सामाईक कपाट जसे सर्वांसाठी उघडे असते, तसा हा सर्वांसाठी सदैव चालू असणारा संगणक होय. तो घरच्या राऊटरला तारेने जोडलेला असतो. घरातल्या घरात फाइली पाहण्यासाठी इंटरनेटचीही गरज लागत नाही, ही बाब संपर्क वारंवार तुटणाऱ्या गावांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

विजेचा हिशेब

हे यंत्र रात्रंदिवस चालावयाचे असल्याने त्याची निवड वेगावरून नव्हे, तर ते स्वस्थ असताना किती वीज घेते यावरून करावयास हवी. दुकानदार वेगाचे आकडे सांगतो. स्वस्थ असतानाच्या वॅटचा आकडा बहुधा कोणी सांगत नाही. वर्षाचे ८,७६० तास धरले तर अखंड लागणारा प्रत्येक वॅट वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ युनिट वीज खातो.

कार्यालयातून वा घरातून बाद झालेला जुना मेजावरील संगणक या कामी लावावा, असे प्रथम मनात येते. तो फुकट पडतो, हे खरे. पण असा संगणक काहीही न करता ५० वॅटच्या आसपास वीज घेत असेल, तर वर्षाला ४३८ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरल्यास हा खर्च ३,५०० रुपयांवर जातो. याउलट ८ वॅटवर स्वस्थ राहणाऱ्या छोट्या यंत्रास वर्षाला ७० युनिट म्हणजे ५६० रुपये पुरतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून घरोघरी गेलेला ९ वॅटचा एलईडी दिवा डोळ्यांसमोर आणला की हे प्रमाण ध्यानी येते. शिवाय घरगुती वीजदर १०० युनिटांनंतर चढत असल्याने महिन्याला वाढणारे ३६ युनिट काही कुटुंबांना वरच्या टप्प्यात नेऊन ठेवतात. फुकटचा संगणक असा दोन-तीन वर्षांत महाग पडतो.

यंत्र नेमकी किती वीज घेते, हे पाहण्यासाठी बाजारात प्लगमध्ये बसणारे छोटे मीटर मिळते. ते नसल्यास घरच्या मीटरवरील लुकलुकणारा लाल दिवा उपयोगी पडतो. मीटरवर एका युनिटमागे ३,२०० स्पंदने असा आकडा असेल आणि घरातील इतर सर्व उपकरणे बंद असतील, तर ५० वॅटच्या यंत्रावर तो दिवा सुमारे साडेबावीस सेकंदांनी लुकलुकतो. ८ वॅटच्या यंत्रावर दोन मिनिटांहून अधिक काळ थांबावे लागते. विज्ञानाच्या शिक्षकांना हा प्रयोग वर्गातही करून दाखविता येईल.

कोणते यंत्र घ्यावे

२०१२ मध्ये प्रथम बाजारात आलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक विजेच्या बाबतीत सर्वांत काटकसरी आहे. फाइली ठेवणे आणि देणे एवढेच काम असेल तर तो पुरतो. मात्र त्याची सर्व व्यवस्था छोट्या मेमरी कार्डावर ठेवल्यास सततच्या लेखनाने आणि अवचित वीज जाण्याने ते कार्ड निकामी होण्याचा संभव असतो. यास्तव त्यास स्वतंत्र एसएसडी जोडावी.

चित्रपट व चित्रफिती हाही हेतू असेल, तर एक गोष्ट समजून घ्यावी लागते. दूरचित्रवाणी संचास फाइलीचा प्रकार ओळखीचा असल्यास सर्व्हरला ती केवळ पोहोचवावयाची असते, आणि हे काम कोणतेही यंत्र करते. प्रकार अनोळखी असेल तर सर्व्हरला ती चित्रफीत चालू असतानाच दुसऱ्या प्रकारात उतरवावी लागते. हे काम जड असून त्यासाठी संगणकात निराळी सोय असावी लागते. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायच्या पाचव्या आवृत्तीत अशी चित्रफीत नव्याने बांधण्याची सोय नाही. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या एन-१०० या प्रक्रियकात ती आहे. हा प्रक्रियक बसविलेले पुस्तकाएवढे छोटे संगणक घरगुती सर्व्हरसाठी आज सर्वांत सोयीचे म्हणावयास हरकत नाही. त्यावर छापलेला ६ वॅट हा आकडा मात्र एकट्या प्रक्रियकाचा आहे, संपूर्ण यंत्राचा नव्हे.

दोन हार्ड डिस्क बसणारी तयार पेटीही मिळते. ती वापरण्यास सुलभ असली तरी किंमत अधिक पडते, आणि आत फिरणाऱ्या दोन मोठ्या डिस्कची वीज व घरघर वेगळी.

जुना लॅपटॉप हा पर्याय फारसा कोणी विचारात घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपल्याने असे अनेक लॅपटॉप अडगळीत गेले आहेत. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घातल्यास आणि पडदा बंद ठेवल्यास त्यांतील बरेचसे थोडक्या विजेवर चालतात. वीज गेली तरी आतील बॅटरी त्यांना सावरते. तथापि सतत प्रभारित राहणारी बॅटरी कालांतराने फुगू शकते. दर महिन्याला तिची पाहणी करावी व फुगवटा दिसताच ती काढून टाकावी.

आवाज, उष्णता आणि जागा

रात्री झोपण्याच्या खोलीत पंख्याची बारीक शीळही त्रासदायक ठरते. पंखा नसलेले यंत्र निःशब्द असते आणि धूळही आत ओढत नाही. पण त्यास मोकळी हवा हवी. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा असे यंत्र बंद कपाटात वा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवणे धोक्याचे आहे. फिरणारी हार्ड डिस्क लाकडी फळीवर ठेवली तर फळीही गुणगुणते. खाली रबराचा तुकडा घातल्यास आवाज बराच कमी होतो. कोकणात दमट हवेचा आणि सर्वत्र मुंग्यांचा विचार करावा.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. एक छायाचित्र ४ एमबीचे धरल्यास एक टीबीच्या डिस्कवर अडीच लाख छायाचित्रे मावतात. केवळ छायाचित्रे व कागदपत्रे असणाऱ्या कुटुंबास एक टीबीची आवाजरहित एसएसडी पुष्कळ झाली.

वीज अचानक गेल्यास लिहिली जात असलेली फाइल बिघडते. इन्व्हर्टर असल्यास सर्व्हर व राऊटर दोन्ही त्यावर घ्यावेत; ८ वॅटचा भार त्यास जाणवतही नाही. राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस वापरावयाचा झाल्यास त्यावरील व्होल्ट आणि अँपिअर सर्व्हरच्या अडॅप्टरशी जुळतात की नाही, हे आधी तपासावे.

दुसरी प्रत

एवढे सर्व नीट केले तरी ठेवा सुरक्षित झाला, असे होत नाही. दोन डिस्कवर एकाच वेळी तीच माहिती लिहिण्याची पद्धत आहे व ती पुष्कळांना पुरेशी वाटते. वस्तुतः चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून जाते. वळिवाच्या विजेचा लोळ तारेतून आला तर दोन्ही डिस्क एकदम जळू शकतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड येथे घराघरांत पाणी शिरले, तेव्हा एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रतींचा उपयोग एका प्रतीइतकाच होता.

म्हणून तिसऱ्या डिस्कवर प्रत काढून ती दुसऱ्या घरी ठेवावी: परगावच्या भावाकडे, मुलीच्या सासरी, जेथे वर्षातून तीन-चार वेळा जाणे होतेच. सणावाराला जाताना नवी प्रत न्यावी व जुनी परत आणावी. यंत्रासाठी पैसे कमी पडत असतील तर साधे यंत्र घ्यावे, पण ही डिस्क वगळू नये. प्रत काढल्यावर तिच्यातील दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

आज्ञावलींसाठी खर्च येत नाही. ओपन मीडिया व्हॉल्ट ही फाइलींची व्यवस्था आणि २०१८ पासूनची जेलिफिन ही चित्रफितींची व्यवस्था दोन्ही विनामूल्य आहेत. सर्व्हर बाहेरून पाहता यावा म्हणून राऊटरचे दरवाजे उघडे करण्याचा मोह प्रारंभी तरी टाळावा. शासकीय व ग्रामपंचायतीचे दप्तर घरच्या यंत्रावर आणू नये. त्याची जागा कार्यालयात आहे.

पुष्कळ घरांत या यंत्राचा परवलीचा शब्द ते बसविणाऱ्या एकाच व्यक्तीला ठाऊक असतो. ती व्यक्ती आजारी पडली वा परगावी गेली की घरचा ठेवा घरातच कुलूपबंद होतो. परवलीचा शब्द, यंत्र सुरू व बंद करण्याची रीत आणि दुसरी प्रत कोणाकडे आहे ते नाव, एवढे एका कागदावर शाईने लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावे.